फुलीचं पुढे काय झालं?

'फुलीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. एखादं पान वाचायचं राहून गेलंय का, कृपया बघावं.'

अंध लोकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं आमचं लहानसं ग्रंथालय आहे, तिथे हा निरोप आला. ज्या कादंबरीबद्दल तो होता ती मीच ध्वनिमुद्रित केली होती. दोन मित्र, त्यांचं गॅरेज, त्यांची भांडणं आणि शेवटी एकाचं मरण. बारा तासांच्या त्या ऐवजात बायका दोनच, एक मालकाची बायको आणि एक चहावाली. फुली कुठेच नव्हती. मला वाटलं, ऐकणाऱ्याने दोन पुस्तकांची गल्लत केली. तरी पुस्तक काढून चाळायला लागलो आणि तिसऱ्या पानावर डोक्यात प्रकाश पडला. तो न पडता तर बरं झालं असतं. फुली होती. ती आम्हीच घातली होती, मी आणि बाईंनी.

बाई आमच्याकडे पुस्तकं वाचतात. त्याआधी एकतीस वर्षं त्या बसस्थानकावर उद्घोषिका होत्या. काचेच्या खोलीत बसायचं, पुढ्यात वेळापत्रक, तोंडासमोर माइक, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगायचं. प्रत्येक घोषणेची सुरुवात 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी, म्हणून सगळा डेपो त्यांना माघारी 'लक्ष द्या' म्हणायचा. एकतीस वर्षांत एकही गाडी चुकीच्या फलाटावर लावली नाही, हे त्या स्वतः सांगतात आणि महिन्यातून एकदा तरी सांगतात. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी राहिल्या, भाऊ गेल्यावर आता वहिनी आणि त्या, अशा दोघीच. निवृत्त झाल्यावर त्या घरातच घोषणा द्यायला लागल्या. "दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे." वहिनी वैतागल्या. "वन्सं, तुम्ही दुपारच्या कुठेतरी जात जा बघू," म्हणाल्या. तशा त्या आमच्याकडे आल्या, त्याला आता सात वर्षं झाली.

आमचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, मधे काच, काचेपलीकडे बाई, अलीकडे मी आणि माझी बटणं. पंख्याचा आवाज येतो म्हणून मुद्रण चालू असताना पंखा बंद. पोटातली गुरगुरही माइक सोडत नाही, म्हणून बाई येताना एक केळं खाऊन येतात. पानावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करतात. कुणी 'ण'चा 'न' केलेला त्यांना खपत नाही; माझा 'पानी' त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुधारला. मला 'भाऊ' म्हणतात, अहो-जाहो करतात, आणि सात वर्षांत त्यांच्यासमोर माझ्या तोंडून वावगा शब्द गेलेला नाही. विजेचा झटका बसला तरी मी 'अरेरे' म्हणतो. झटका बसल्यावर 'अरेरे' म्हणायला किती कष्ट पडतात ते ज्याने म्हटलंय त्यालाच ठाऊक.

तर तिसरं पान. बाई वाचता वाचता थांबल्या.

"भाऊ, इथे एक शब्द आहे."

"वाचा की."

"वाचण्यासारखा नाही."

मी काचेपलीकडे जाऊन पाहिलं. शिवी होती. तीन अक्षरी, रस्त्यात दर दहा पावलांवर ऐकू येते ती. पुढे उलटून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक पानावर तीच किंवा तिची मोठी भावंडं. पूर्वीच्या कादंबऱ्यांतला खलनायकसुद्धा फार तर 'नीच', 'हलकट' म्हणायचा, आणि बाई ते झोकात वाचायच्या. त्याहून पुढे जायचं झालं तर छापणारे फुल्या मारायचे. या लेखकाने लाज गुंडाळून ठेवली होती.

"त्या जागी शिट्टी वाजवू?" मी विचारलं.

"ऐकणाऱ्यांचे कान फाटतील. पूर्वी फुल्या मारायचे ना? मग मी 'फुली' म्हणते. ज्याला कळायचं त्याला कळेल."

पंखा बंद होता, सदरा पाठीला चिकटला होता. म्हटलं, म्हणा. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय असे पंखा बंद असताना झालेत. 'अरे फुली, कुठे होतास इतके दिवस?' असं करत बाईंनी अख्खी कादंबरी वाचली. दोनशे सतरा वेळा फुली म्हणाल्या. आणि मी एकदाही विचार केला नाही की ज्यांच्यासाठी हे वाचतोय त्यांच्यातल्या कित्येकांनी फुली कधी पाहिलेलीच नाही.

निरोप पाठवणारा एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. जन्मांध, चाळिशीचा. मी फोनवर काहीतरी गुळमुळीत बोललो, तर सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच आला. काठी दाराशी टेकवून बसला आणि बाईंचा आवाज ऐकताच उठून उभा राहिला.

"बाई, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आवाजावर कॉलेज केलंय. तुम्ही फलाट चार म्हणालात की डोळे झाकून चारवर जायचो." मग स्वतःच हसला. "म्हणजे माझे तसे झाकलेलेच."

बाई खूश झाल्या. मी झालो नाही, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं.

"तर ही फुली," ऑपरेटर म्हणाला. "पहिले दोन तास मला वाटलं, मित्राचंच लाडाचं नाव आहे. पण मालकालाही माघारी फुलीच म्हणतात. गाडी सुरू होत नाही, 'फुली!' बोट चेमटलं, 'फुली!' तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही त्यांची कुणीतरी होती. दोघांचीही. लहानपणीच गेलेली. आपल्याला लागलं की आपण 'आई गं' म्हणतो ना, तसं हे दोघं तिचं नाव घेतात. रागात पण, दुखण्यात पण. आणि शेवटी मित्र मरायला टेकलाय, तर दुसरा त्याला काय म्हणतो? फुली. मला रडूच आलं हो. बायकोला सांगितलं, तीही गप्प झाली. पण ती कोण, कशी गेली, ते शेवटपर्यंत येतच नाही. म्हणून म्हटलं, पान राहिलं."

बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी बटणांकडे. शेवटी मी त्याचा तळवा हातात घेतला आणि त्यावर बोटाने एकमेकींना कापणाऱ्या दोन तिरप्या रेघा ओढल्या.

"ही फुली. पुस्तकात शिवी छापायची नसली की तिच्या जागी ही खूण करतात."

"मग त्या जागी काय होतं?"

मी त्याच्या कानात सांगितलं.

"ही होय!" तो एवढ्या जोरात हसला की मुद्रण चालू असतं तर आवाज फाटला असता. "अहो, ही तर मला रोज ऐकू येते. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंनी." मग हसू ओसरलं. तळव्यावर अंगठा फिरवत तो बसून राहिला. "म्हणजे फुली नाहीच."

"नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, डोळस माणसाला गाळलेलं दिसतं. आम्हाला तुम्ही जे म्हणाल तेच पुस्तक."

रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो गेल्यावर त्या बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसल्या. एकतीस अधिक सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माणूस चुकीच्या गाडीत बसवला होता.

ग्रंथालयाच्या मॅडमना हे कळायचं थोडंच राहतंय? त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "छापलंय ते वाचायचं, हा आपला एकच नियम आहे. शनिवारपर्यंत सगळ्या जागा दुरुस्त करा. जमणार नसेल तर नाटकात कामं करणारा एक जण आहे, त्याच्याकडून पुस्तक पुन्हा वाचून घेऊ. मग यापुढची नवी पुस्तकंही त्यालाच द्यावी लागतील, बाई. आता नव्या पुस्तकांत हे असणारच." म्हणजे बाईंच्या खुर्चीवरच गदा आली. ती खुर्ची गेली तर दुपारभर घरी बसून वहिनींना दुधाची खबर द्यायची. बाईंचा चेहरा बघून हा विनोद मी तेव्हा केला नाही, आत्ता करतोय.

"मी वाचीन," बाई म्हणाल्या. "पण ही माणसं शिव्या देतात कशाला, ते आधी मला कळलं पाहिजे. अर्थ कळल्याशिवाय मी वाक्य वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या वही आखून घेऊन आल्या. पान, ओळ, कोण कुणाला, कशासाठी. जुनी वेळापत्रकाची सवय. चौतीस शिव्यांपुढे लिहिलं होतं 'राग'. अकरांपुढे 'दुखलं'. बावीस ठिकाणी 'लाड', आणि प्रत्येक लाडापुढे प्रश्नचिन्ह. बाकी सगळ्यांपुढे 'काही नाही'.

"दीडशे वेळा काही नाही, भाऊ! काही नसताना माणूस शिवी का देईल?"

"स्वल्पविरामासारखं असतं ते."

"मग स्वल्पविराम का नाही देत?"

मी उठून पंखा लावला.

"आणि हे बघा. पान एकशे बारा. इथे याला खरा राग आलाय, मालकाचा खून करील इतका. तर इथे एक शिवी नाही. उलट 'आपण' म्हणतोय. 'आपण म्हणाल तसं.' असं कसं?" पेन्सिल वहीवर आपटली. "शिवाय मोठ्या शिव्यांत सगळीकडे आई नाहीतर बहीण. दुखलं तरी आई, चिडलं तरी आई. बापाला का सोडलंय?"

चाळीस वर्षं मी शिव्या देत आलोय. कधी कुणी असा हिशेब मागितला नव्हता. मी डोकं खाजवलं, आणि खरं सांगायचं तर जितकं खाजवलं तितकं मलाच कळेनासं झालं.

"मिस्त्रीला विचारू," बाई म्हणाल्या, आणि मला बरोबर घेऊन निघाल्या. मिस्त्री डेपोत इंजिनांचं काम करायचा, बाईंच्याच महिन्यात निवृत्त झालेला. अजून रोज सकाळी डेपोच्या कँटीनमध्ये येऊन बसतो. बाई दारात दिसताच तो उठला, खुर्ची रुमालाने पुसली. आजूबाजूच्या टेबलांवरचा गलका पंखा बंद केल्यासारखा थांबला.

"मिस्त्री, माणसं शिव्या का देतात?"

मिस्त्रीला चहाचा ठसका लागला. "आपल्या डेपोत कुठे कोण देतं, बाई?"

"तेच म्हणते मी. एकतीस वर्षांत इथे एक शिवी कानावर आली नाही. म्हणून तर आता जड जातंय."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की सांगून टाका.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुम्ही खोलीतून निघालात की जिन्यावरचा माणूस शिट्टी वाजवायचा. 'लक्ष द्या' येताहेत म्हणून. की सगळे चिडीचूप. तुम्ही गेलात की पुन्हा सुरू."

"माझ्यासाठी?"

"मग! मान होता तुमचा. इथे कुणाचा असा मान नव्हता. तो स्टोअरवाला निवृत्त झाला तेव्हा आम्ही रडत रडत त्याला शिव्या घातल्या. इतक्या, की त्याच्या बायकोला वाटलं भांडण झालं. आपला माणूस होता ना तो..." आणि मिस्त्रीने जीभ चावली.

बाई थोडा वेळ कपाची कड पुसत राहिल्या.

"मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं," त्या म्हणाल्या. "चार भाषणं झाली."

"चांगली झाली होती, बाई."

"हो. सगळे 'आपण' म्हणत होते."

परत येताना आम्ही थांब्यावर उभे राहिलो. एक गाडी आली, गेली, तरी बाई चढल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शिट्टी मी रोज ऐकायचे, भाऊ. मला वाटायचं, कुणालातरी गाण्याची हौस आहे."

मला फार वाईट वाटलं. मिस्त्री खोटं बोलला नव्हता, मान खराच होता. पण मान देता देता एवढ्या माणसांनी मिळून एका बाईला एकतीस वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, आणि दार मोठ्या आदराने लावून घेतलं होतं. आणि मी तरी काय केलं होतं? झटके खाऊन 'अरेरे'. त्याला चांगलं म्हणावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुरुस्तीला सुरुवात केली. पहिला दिवस शब्द बाईंच्या ओठांशी येऊन परत जायचा. त्यांनी सांगितलं, सात वर्षांच्या असताना रस्त्यात ऐकलेला असाच एक शब्द त्यांनी घरी पाहुण्यांसमोर म्हणून दाखवला होता, नवा शब्द शिकले म्हणून कौतुकाने. वडिलांनी हात लावला नाही. फक्त महिनाभर बोलले नाहीत. "तेव्हापासून तो शब्द घशाशी आला की मला घरात सगळे गप्प बसलेले दिसतात."

दुसऱ्या दिवशी शब्द बाहेर पडला, पण इतका स्वच्छ, इतका ठसठशीत, की तो आता फलाट सहावरून सुटणार असं वाटलं. मला हसू आवरेना. बाई रुसल्या, मग त्यांनाही हसू आलं. त्यानंतर गाडी जरा रुळावर आली. राग झाले, दुखलं झाले, दीडशे 'काही नाही' झाले. परभाषेतला शब्द उच्चारावा तसे, पण झाले. शुक्रवारी दुपारी 'लाड?'ही कसेबसे संपले आणि एकच जागा उरली. कादंबरीचं शेवटचं वाक्य. मित्र खाटेवर आहे, डोळे मिटलेत, दुसरा वाकून त्याला विचारतो. तीन शब्द, त्यांतला शेवटचा तो.

अकरा वेळा घेतलं. अकराही वेळा उद्घोषणा.

"मला पटतच नाही," बाई म्हणाल्या. "मरणाऱ्या माणसाला शिवी कशी देववते? मी असते तर नावाने हाक मारली असती."

मी हेडफोन काढला. का कोण जाणे, सांगायला लागलो.

"माझा एक मित्र होता, बाई. शाळेपासूनचा. आम्ही एकमेकांना याच तीन अक्षरांनी हाक मारायचो. नाव घ्यायची वेळच आली नाही. मागच्या वर्षी तो दवाखान्यात होता. मला वाटलं, आता तरी माणसासारखं बोलावं. म्हणून नावाने हाक मारली. तर तो घाबरला. म्हणाला, 'एवढे वाईट आले का रिपोर्ट?'"

बाई काचेपलीकडून बघत राहिल्या.

"आले होते?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"शिवी दिली. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला."

बाईंनी वही उघडली, शेवटच्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि तिथे काहीतरी लिहिलं. मला इथून दिसलं नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "घ्या." मी हेडफोन चढवला.

"झोपलास का, भडव्या?"

लिहिला शेवटी शब्द. एवढा वेळ मीही फुल्याच मारत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बाई म्हणाल्या आणि मी लिहायला घाबरावं, हे काही बरं दिसत नाही. त्यांचा आवाज खाली होता आणि शेवटचं अक्षर त्यांनी अर्धवटच सोडलं, जे सात वर्षांत कधी केलं नव्हतं. मला माझा मित्र दिसला. मी बटणांवर डोकं टेकलं आणि रडलो. मुद्रण थांबवायचंही सुचलं नाही.

थोडा वेळ हेडफोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग पुन्हा तेच.

"झोपलास का, भडव्या?"

मी दचकून वर पाहिलं तर बाई पुस्तक मिटत होत्या. "झालं ना, भाऊ? पंखा लावा," म्हणाल्या, अगदी नेहमीसारख्या.

आता हे दुसरं काय होतं? शेवटचं वाक्य खबरदारी म्हणून दोनदा द्यायची त्यांची सवय आहे, तसं असेल. विचारायचं तरी काय? 'बाई, मघाशी ती शिवी मला दिलीत का?' घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या पुस्तक वाचत होत्या. तुम्हाला कशाला देतील?" मला ते पटलं आणि पटल्याचं वाईटही वाटलं. दोन वाक्यांतलं कुठलं ठेवायचं ते शनिवारपर्यंत ठरेना, तेव्हा दोन्ही तशीच ठेवून पुस्तक दिलं. मॅडमनी ऐकलं आणि सोमवारी बाईंच्या टेबलावर नवी कादंबरी आणून ठेवली.

दहा-बारा दिवसांनी ऑपरेटरचा फोन आला.

"आता गोष्ट बरोबर कळली. फुलीची चुटपुट लागते थोडी, पण ते असो. शेवटचं वाक्य मात्र दोनदा आलंय."

"चुकून राहिलं. एक काढतो."

"मग दुसरं काढा. ते पुस्तकातलं नाही."

"कशावरून? शब्द तर तेच आहेत."

"शब्द तेच आहेत हो. पण पहिल्या वेळी बाईंचं तोंड पानाकडे आहे, आवाज कागदावरून येतोय. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केलीय. तो काचेवरून येतोय. काचेपलीकडे कोण बसलं होतं?"

"मी," मी म्हणालो.